विजेची गाडी तापली की पिकअपचे काय होते? एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

कोरेगाव, रहिमतपूर, वाठार या भागात वडापच्या जीपा चालवणाऱ्यांची हिवाळ्यातली एक रीत होती. पहाटे किल्ली फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचे, इंजिन सुरू झाले की पाच-दहा मिनिटे ते तसेच चालू ठेवायचे. कुणी घाई केली तर एवढेच म्हणायचे, "गरम होऊ दे." डिझेलची गाडी गारठलेली असताना ओढत नाही, तापली की मोकळी होते, हे इथल्या चालकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता त्याच रस्त्यांवर विजेच्या मोटारी धावू लागल्या आहेत आणि तोच प्रश्न नव्याने विचारला जातो: विजेची गाडी तापली की तिचा पिकअप वाढतो, घटतो की तसाच राहतो? गाडी वापरणाऱ्यांकडून तिन्ही उत्तरे मिळतात. एकाला सकाळी गाडी जड वाटते आणि साताऱ्यापर्यंत जाईतो ती खुलते. दुसऱ्याच्या मते घरातून निघतानाच ती सर्वांत चपळ असते, दुपारनंतर मंदावते. तिसऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. तिघेही खरे बोलत असू शकतात, आणि हा विषय नीट मांडून पाहण्याचे कारण तेच आहे.

पिकअप म्हटले की कंपन्या ० ते १०० किलोमीटर वेगाला लागणारे सेकंद सांगतात. आपल्या रस्त्यावर महत्त्वाचा असतो तो ताशी ४० वरून ८० पर्यंत जाण्याचा वेळ. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडताना तोच कामी येतो. हंगाम ऐन थंडीत असतो, म्हणजे बॅटरी गार असण्याच्या दिवसांतच हा प्रसंग अधिक वेळा येतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, सुरक्षिततेचाही आहे.

पार्श्वभूमी: घाटातल्या इंजिनांपासून

विजेचे वाहन आणि उष्णता यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. १९२९ मध्ये वीज पुण्यापर्यंत पोचली आणि बोरघाटातली १ : ३७ ची चढण विजेची इंजिने चढू लागली. मालगाड्यांसाठी १९२८ पासून आलेल्या, सांधेदार अंगाच्या इंजिनांना रेल्वेतले लोक 'खेकडा' म्हणत.

विजेच्या इंजिनांच्या मोटरींना अभियंते तेव्हापासून दोन वेगवेगळ्या क्षमता देत आले आहेत: एक तासभर पेलण्याची, दुसरी अखंड पेलण्याची. तासाची क्षमता नेहमी मोठी असते. गार मोटरला तापमानाची मर्यादा गाठायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात ती जादा काम करू शकते. मर्यादा गाठली की थोडक्यात भागवावे लागते. आजच्या मोटारींबद्दलच्या चर्चेचे बीज याच भेदात आहे.

मोटारींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न बराच काळ उपस्थितच झाला नाही. २००१ मध्ये बंगळुरूहून बाजारात आलेली 'रेवा' शिसे-आम्लाच्या बॅटरीवर चालणारी छोटी शहरी गाडी होती. पुढे महिंद्राने ती बनवणारी कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची 'ई-टू-ओ' आणली. या गाड्यांबद्दल लोक विचारत ते एका चार्जमध्ये किती जाते एवढेच. चित्र बदलले ते जानेवारी २०२० मध्ये टाटांच्या 'नेक्सॉन ईव्ही'ने. ९५ किलोवॅटची मोटर, ३०.२ किलोवॅट-तासाची, द्रवाने थंड राखलेली बॅटरी आणि ० ते १०० साठी ९.९ सेकंदांचा दावा यांमुळे पिकअप हा सामान्य ग्राहकाच्या बोलण्यातला विषय झाला. २०२३ च्या 'एक्सयूव्ही ४००' साठी महिंद्राने ८.३ सेकंदांचा दावा केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या गाड्या मांडल्या आणि त्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या वापरल्या.

परदेशात वाद आधीच रंगला होता. शर्यतीच्या पट्टीवर एकामागून एक धावा घेतल्या की काही वेगवान विजेच्या गाड्या मंदावतात, अशी टीका होत असे. पोर्शेने २०१९ मध्ये 'टायकान'ला ० ते २०० किलोमीटरच्या सलग २६ धावा करायला लावल्या. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ धावेत सुमारे ०.८ सेकंदाचाच फरक पडल्याचे जाहीर केले. टेस्लाने मात्र 'मॉडेल एस प्लेड' मध्ये अशी सोय ठेवली की शर्यतीआधी काही मिनिटे बॅटरी मुद्दाम योग्य तापमानाला आणली जाते. एका कंपनीने तापण्यावर ताबा मिळवल्याचे दाखवले, दुसरीने बॅटरीची ऊब हीच तयारी मानली. दोन्ही उदाहरणे तेव्हापासून आपापल्या बाजूने दिली जातात.

गाडीत तापते काय, आणि किती वेळात

'गाडी तापली' हे शब्द डिझेलच्या जीपेला नेमके लागू पडतात, कारण तिथे इंजिन हा एकच मोठा धातूचा गोळा तापतो. विजेच्या गाडीत निदान चार गोष्टी वेगवेगळ्या तापतात आणि प्रत्येकीचा वेग वेगळा असतो. पुढच्या साऱ्या मतभेदांची किल्ली इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश पाहू.

बॅटरीपासून सुरुवात करू. लिथियम-आयन बॅटरीच्या आत आयन द्रवातून आणि घन पदार्थातून सरकतात. गारठ्यात हे सरकणे मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. जोराने वीज मागितली की व्होल्टेज अधिक खाली बसते आणि ठरलेल्या किमान पातळीच्या खाली ते जाऊ नये म्हणून गाडीची नियंत्रण-व्यवस्था शक्ती आवरते. साधारण २० ते ४० अंश सेल्सिअस हा बॅटरीच्या सुखाचा पट्टा. त्याच्या वर रोध आणखी थोडा घटतो, पण बॅटरीचे वय झपाट्याने वाढू लागते, म्हणून वरच्या टोकालाही शक्ती आवरली जाते.

आकार ध्यानात यावा म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो. ३२० व्होल्टची बॅटरी आणि तिचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरू. ३०० अँपिअर ओढले तर व्होल्टेज ३० ने बसते आणि चाकांच्या दिशेने ८७ किलोवॅट निघतात. थंडीत रोध दुप्पट झाला तर व्होल्टेज ६० ने बसते आणि ७८ किलोवॅट उरतात. म्हणजे दहा टक्क्यांची घट. रोध ०.१ ओहम असताना पूर्ण जोराच्या क्षणी बॅटरीच्या पोटात ९ किलोवॅट उष्णता तयार होते. तरी दहा सेकंदांच्या एका धावेने अडीचशे किलोची बॅटरी जेमतेम एक तृतीयांश अंशाने तापते. तिला खऱ्या अर्थाने उबायला अर्धा-एक तास चालावे लागते.

मोटरचे उलट आहे. तिच्या तांब्याच्या तारांचे वजन काही किलोच असते. पूर्ण जोराच्या दहा सेकंदांत सात-आठ किलोवॅट उष्णता त्या तारांतच साठली, तर त्या वीस-पंचवीस अंशांनी तापू शकतात. तांबे शंभर अंशांनी तापले की त्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला अधिक उष्णता निघते. निओडिमियमचे चुंबक वापरणाऱ्या मोटरींत चुंबकाचा जोरही दर अंशामागे सुमारे ०.११ टक्क्याने उतरतो. चुंबक ८० अंशांनी तापले तर जवळपास नऊ टक्के जोर गेला. थंड झाल्यावर तो परत येतो; मर्यादेपलीकडे तापले तर कायमचा जातो. म्हणून मोटरच्या बाबतीत ऊब म्हणजे तोटाच.

बॅटरीच्या एकदिश प्रवाहातून मोटरला हवा तसा प्रवाह घडवणारा इन्व्हर्टर हा तिसरा भाग. त्यातल्या अर्धवाहकांची मर्यादा साधारण १५० ते १७५ अंश असते आणि ते सेकंदाच्या अंशात तापतात. जागेवरून गाडी उचलताना सर्वाधिक ताण त्यांच्यावरच येतो.

शेवटी टायर आणि गिअरपेटीतले तेल. गार रबर कमी धरते आणि चालण्याला अधिक विरोध करते. वीस-तीस मिनिटांत टायर उबतो, तेल पातळ होते, गाडी हलकी चालू लागते. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत, जिथे जागेवरून निघताना चाक घसरण्याची शक्यता असते, तिथे टायरची पकड हीच पहिल्या दोन सेकंदांची मर्यादा ठरते.

थोडक्यात, इन्व्हर्टर आणि तारा सेकंदांत तापतात, टायर-तेल मिनिटांत, बॅटरी तासाच्या मापाने. 'तापल्यावर' म्हणजे कशानंतर, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

चार भूमिका

पहिली भूमिका अशी: गाडी गार असतानाच चपळ असते. मोटर आणि इन्व्हर्टर यांचा अनुभव असलेले अभियंते बहुधा ही बाजू मांडतात. त्यांचा आधार भक्कम आहे: तांबे, चुंबक आणि अर्धवाहक या तिघांनाही उष्णता नको असते. लागोपाठच्या धावांत वेळ वाढत जातो, हा सर्वत्र दिसणारा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. मात्र हे निष्कर्ष बहुधा पूर्ण जोराच्या, पुन्हापुन्हा केलेल्या धावांवरून येतात. कोरेगावहून साताऱ्याला जाणारा माणूस तशी गाडी चालवत नाही.

दुसरी भूमिका: बॅटरी उबली की गाडी खुलते. बॅटरीचे रसायन जाणणारे आणि थंड देशांतले चालक यांचा हा अनुभव. गोठणबिंदूच्या आसपास अनेक गाड्या शक्तीही कमी देतात आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही कमी घेतात, कारण गार बॅटरीत जोराने वीज भरली तर लिथियमचा थर जमून तिला इजा होते. शर्यतीआधी बॅटरी तापवण्याची टेस्लाची पद्धत याच बाजूचा पुरावा. मर्यादा अशी की हा अनुभव बर्फाळ प्रदेशातला आहे. नॉर्वेतील वाहनचालक संघटना थंडी-उन्हाळ्यात घेत असलेल्या प्रसिद्ध चाचण्याही मुख्यतः एका चार्जमधले अंतर आणि चार्जिंग पाहतात. पिकअप हा त्यांचा विषय नाही.

तिसरी भूमिका: सामान्य वापरात फरक उरतच नाही, कारण सॉफ्टवेअर तो झाकते. कंपन्या मोटरची आणि बॅटरीची खरी ताकद थोडी राखून ठेवतात आणि ठरलेल्या तापमान-पट्ट्यात ग्राहकाला सारखाच जोर देतात. चुंबक नऊ टक्के उतरले तर प्रवाह थोडा वाढवून भरपाई करता येते. जागेवरून निघताना तर जोर मुद्दाम आवरलेलाच असतो, म्हणजे चाक घसरू नये. या मताच्या बाजूने हेही खरे की वेग वाढल्यावर मोटरचे चुंबक काहीसे दाबूनच चालवावे लागते. तिथे तापून उतरलेले चुंबक तितके आड येत नाही. मात्र झाकण्यालाही सीमा असते. राखीव ताकद किती ठेवली, हे कंपनीच ठरवते आणि ते सहसा छापलेले नसते.

चौथी भूमिका या तिन्हींना छेद देते: लोक ज्याला तापण्याचा परिणाम म्हणतात तो बऱ्याचदा चार्जचा असतो. बॅटरी भरलेली असते तेव्हा व्होल्टेज जास्त, रिकामी होत जाते तसे कमी. आपल्या ३२० व्होल्टच्या उदाहरणात भरल्या आणि उतरल्या बॅटरीतला फरक सहज ४० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे थंडीमुळे झालेल्या घटीइतका किंवा जास्त. माणूस सकाळी भरलेल्या बॅटरीने निघतो आणि संध्याकाळी थोड्या चार्जवर परततो. गाडी 'तापून मंदावली' असे त्याला वाटते, प्रत्यक्षात ती भुकेली असते. या मतावर आक्षेप एवढाच की ते तापमानाचा परिणाम नाकारू शकत नाही. दोन्ही एकत्र घडतात, एवढेच ते दाखवते.

या चार भूमिका एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. प्रत्येक भूमिका गाडीच्या वेगळ्या भागाबद्दल आणि वेगळ्या कालावधीबद्दल बोलते. तापमानाच्या आलेखावर पिकअप टेकडीसारखा दिसतो: गारठ्यात कमी, मध्ये सपाट माथा, फार तापल्यावर पुन्हा उतार. माथा किती रुंद, हा खरा वादाचा मुद्दा.

साताऱ्याच्या हवेत आणि घाटात

मग कोरेगावची गाडी त्या टेकडीवर कुठे उभी असते? तालुक्यात थंडीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४० च्या जवळ जातो. नॉर्वेसारखा गारठा इथे नाही. जिल्ह्यातली सर्वांत थंड जागा महाबळेश्वर. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात येत असते. तिथे रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी काहीशी जड वाटली, तर ती समजूत खरी असण्याचा संभव आहे. कोरेगावात घराच्या आडोशाला उभ्या गाडीची बॅटरी मात्र बाहेरच्या हवेइतकी गार होतेच असे नाही. अडीचशे किलोचे वस्तुमान आदल्या दिवसाची ऊब बराच वेळ धरून ठेवते. रात्री उशिरा चार्जिंग झाले असेल तर पहाटे ती आणखी उबदार असते.

उन्हाळ्याची बाजू इथे अधिक वजनदार. ४० अंशांच्या हवेत बॅटरीला थंड करायला तीच शीतक-व्यवस्था लागते जी माणसांना गारवा देते. एसी दोन-तीन किलोवॅट घेते. ९५ किलोवॅटपुढे ते फार नव्हे. काळजी करावी ती तापलेल्या बॅटरीला जलद चार्जरवर भरून लगेच जोरात पळवण्याची. चार्जिंगच्या उष्णतेवर धावण्याची उष्णता चढते आणि माथ्यावरून उताराला लागण्याचा संभव तिथे जास्त.

घाटांची भीती मात्र हिशेब केल्यावर कमी होते. वाई ते पाचगणी पसरणीचा घाट घ्या. चढ सुमारे पावणेसहाशे मीटर, अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. माणसांसह १,६०० किलोची गाडी एवढी वर नेण्याला अडीच किलोवॅट-तास ऊर्जा लागते. ताशी ४० ने गेलो तर रस्त्याचा आणि हवेचा विरोध, आतली गळती, एसी धरून सरासरी १५ किलोवॅट पुरतात. बॅटरीत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. या चढणीला ती पूर्ण जोराच्या उष्णतेच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढीच भरते. शिस्तीत घाट चढणाऱ्या मोटारीचा पिकअप वर पोचेपर्यंत तापण्याने जावा, असे या आकड्यांत काही नाही.

विजेच्या स्कूटरचे तसे नाही. दोघे बसलेली, पावणेतीनशे किलोची स्कूटर तोच घाट त्याच वेगाने चढताना सव्वादोन ते अडीच किलोवॅट मागते, आणि अखंड तीन-चार किलोवॅट देणाऱ्या, बहुधा हवेनेच थंड होणाऱ्या मोटरला तो मोठा वाटा आहे. मोटार आपल्या ताकदीचा सहावा हिस्सा वापरते, स्कूटर अर्ध्याहून अधिक. घाटात 'गाडी तापून मंदावली' ही तक्रार दुचाकीची असेल तर ती अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

एक फायदाही नोंदवावा. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर; तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १४ टक्क्यांनी विरळ. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन जवळपास त्याच प्रमाणात ताकद गमावते. विजेच्या मोटरला हवा जाळायची नसते, ती वरही तेवढाच जोर देते.

मोजमापाची अडचण

भारतात विजेच्या गाडीची शक्ती मोजण्यासाठी एआयएस-०४१ हे मानक आहे. त्यात मोटरची निव्वळ शक्ती आणि सलग ३० मिनिटे देता येणारी कमाल शक्ती अशा दोन गोष्टी येतात. खेकड्याच्या काळातला तासाचा आणि अखंडाचा भेद इथे नव्या रूपात दिसतो. पुण्याची एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था अशा मानकांच्या कामात केंद्रस्थानी आहे. म्हणजे उष्णतेचा विचार नियमांत आहे. ग्राहकाच्या हातातल्या पत्रकावर मात्र मोठ्या अक्षरांत एकच, क्षणिक शक्तीचा आकडा असतो.

० ते १०० च्या वेळेचे तर आणखी अवघड. चार्ज किती होता, बॅटरीचे तापमान काय होते, गाडीत माणसे किती होती, रस्ता तापलेला की ओला, हे बहुधा सांगितलेले नसते. अमेरिकन पद्धतीत पहिला फूटभर प्रवास मोजमापातून वगळण्याची चाल आहे, त्याने आकडा आणखी चांगला दिसतो. दोन गाड्यांतला अर्ध्या सेकंदाचा फरक खरा की परिस्थितीचा, हे अशा वेळी ठरवता येत नाही.

माणसाची जाणीव हेही एक मोजमाप आहे आणि ते फसवे ठरू शकते. विजेच्या गाडीत आवाज नसतो, गिअर बदलल्याचा झटका नसतो, त्यामुळे बदल ओळखायला खुणा कमी. सकाळी इको मोड आणि परतताना स्पोर्ट मोड, एवढ्यानेही 'गाडी खुलली' असे वाटू शकते. उलट, ब्रेकवर परत मिळणारी वीज थंडीत कमी झाली की गाडी वेगळी भासते आणि तो वेगळेपणा आपण पिकअपच्या खात्यावर टाकतो.

काय अनिर्णित आहे

पहिला उघडा प्रश्न चार्ज आणि तापमान यांना वेगळे करण्याचा. प्रयोगशाळेत सेलच्या पातळीवर हे झालेले आहे. रस्त्यावरच्या पूर्ण गाडीत, १० ते ४० अंशांच्या आपल्या पट्ट्यात, दोहोंचा वाटा किती, हे सामान्य वाचकाला समजेल असे मांडलेले क्वचितच दिसते.

दुसरा प्रश्न रसायनाचा. एलएफपी बॅटरी उष्णतेला अधिक धीराने सोसते, थंडीत मात्र अधिक आळसावते. तिचे व्होल्टेज चार्ज उतरतानाही बराच वेळ सपाट राहते, म्हणजे चौथ्या भूमिकेतला परिणाम तिच्यात कमी दिसायला हवा. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीचे वागणे वेगळे. आपल्या हवेत एलएफपीचा फायदा तोट्याहून मोठा असावा, असा तर्क करता येतो. तो मोजून पाहणे बाकी आहे.

तिसरा, वयाचा. कंपन्या बॅटरीची आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देत आल्या आहेत. ही हमी बहुतांशी साठवणुकीच्या क्षमतेबद्दल बोलते. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोधही वाढतो, म्हणजे ती पूर्वीपेक्षा लवकर तापते आणि थंडीत अधिक बसते. आठ वर्षांच्या गाडीचा माथा नव्या गाडीइतका रुंद राहतो का? २०२० च्या गाड्यांवरून याचे उत्तर आता मिळू लागेल.

चौथा, पारदर्शकतेचा. शक्ती कोणत्या तापमानाला आवरायला सुरुवात होते, हे कंपन्यांनी सांगावे की नाही? कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी: ही मर्यादा बॅटरीचे रक्षण करते, सॉफ्टवेअरबरोबर बदलते आणि एका आकड्यात मावत नाही. ग्राहकाची बाजू तितकीच रास्त आहे: समोरून ट्रक येत असताना ट्रॉली ओलांडायची की नाही, हे त्याला त्याच क्षणी ठरवायचे असते. काही गाड्या शक्ती आवरल्यावर पडद्यावर खूण दाखवतात. अशी खूण सगळ्या गाड्यांत सारखी असावी की नाही, यावर एकमत व्हायचे आहे.

आजचा ताळेबंद

एवढे खात्रीने म्हणता येते. गाडी तापल्याने पिकअप वाढतो की घटतो, याचे उत्तर कोणता भाग, किती वेळात आणि कुठून कुठवर तापला, यावर अवलंबून आहे. बॅटरीला ऊब हवी, मोटर-इन्व्हर्टरला नको, टायरला बेताची हवी. कोरेगावसारख्या समशीतोष्ण भागात रोजच्या वापरात गाडी बहुतेक वेळ टेकडीच्या सपाट माथ्यावर असते. कडेला जाण्याचे प्रसंग म्हणजे महाबळेश्वरची गोठलेली पहाट, मे महिन्यातल्या जलद चार्जिंगनंतरची घाई आणि जवळपास उतरलेली बॅटरी.

उरलेल्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एकच गाडी, एकच सपाट रस्ता, चार्ज दर वेळी ६० ते ७० टक्क्यांच्या मध्ये, टायरची हवा सारखी, सोबत उपग्रहावरून वेग नोंदवणारे छोटे यंत्र. जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार, दोन्ही वेळा ४० ते ८० चा वेळ दहा-दहा धावांत नोंदवायचा. मग तापमान कायम ठेवून चार्ज बदलायचा. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचे वालचंद महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांना एका वर्षाच्या प्रकल्पात हे जमू शकेल. आपल्या हवेतले, आपल्या रस्त्यावरचे आकडे त्यातून हाती येतील आणि परदेशातल्या बर्फावरचे निष्कर्ष इथे लावून पाहण्याची गरज उरणार नाही.

तोवर चालकापुरते एवढे पुरे. विजेच्या गाडीला निघण्याआधी उभ्या-उभ्या गरम होऊ देण्याची गरज नाही, ती पहिल्या फेरीपासून ओढते. थंडीच्या पहाटे पहिल्या काही किलोमीटरांत आणि चार्ज फार उतरला असताना मात्र ओलांडताना नेहमीपेक्षा जास्त मोकळा रस्ता हाताशी ठेवावा. जुन्या चालकांचे "गरम होऊ दे" म्हणजे आपल्या गाडीची या घडीची ताकद ओळखूनच रस्त्यावर उतरणे. इंजिन गेले तरी ते शहाणपण जुने होत नाही.